मंदीच्या काळात पुण्यातील झोपडपट्टी पुनर्वसन प्रकल्पांना सरकार कशी मदत करते?

मदत मिळते, पण ती बहुतेक वेळा घरविक्रीच्या अंगाने येते. केंद्राने २०१९ मध्ये रखडलेल्या गृहप्रकल्पांसाठी ‘स्वामिह’ निधी जाहीर केला, तर सप्टेंबर २०२० पासून राज्याने मुद्रांक शुल्क आधी ३ आणि जानेवारी ते मार्च २०२१ या काळात २ टक्क्यांनी कमी ठेवले. मात्र पुण्यात झोपडीधारकांची मोफत घरे बहुतांशी विकसकाच्या विकाऊ सदनिकांच्या पैशांतून उभी राहतात; त्यामुळे विक्री थंडावली की बांधकाम थांबते, नवे घर मिळेपर्यंतच्या तात्पुरत्या खोलीसाठी विकसकाकडून मिळणारे भाडे थकते आणि येरवड्यातल्या एखाद्या कुटुंबामागे घरमालकाचा खोली रिकामी करण्याचा तगादा लागतो. म्हणून सरकारने सर्वप्रथम या भाड्याची हमी घ्यावी, असे मला ठामपणे वाटते. मंदीत जादा चटईक्षेत्र, म्हणजे त्याच जागेवर अधिक बांधकामाची परवानगी, देऊन फारसे साधत नाही, कारण वाढीव सदनिकांनाही गिऱ्हाईक लागतेच.