गाभण मेंढीचा खुराक: शेवटचा दीड महिना

दादा, मेंढी साधारण पाच महिने गाभण असते, पण कोकराची निम्म्याहून जास्त वाढ होते शेवटच्या दीड महिन्यात. पोटातली जागा तेव्हाच कमी पडते, म्हणून नुसत्या कडब्यावर भागत नाही. जत-आटपाडीकडची माडग्याळ मेंढी तर अंगानेही मोठी.

खुराक, म्हणजे धान्य-पेंडीचं मिश्रण, एका मेंढीला रोज १०० ग्रॅमपासून सुरू करा आणि दोन आठवड्यांत २५०-३०० ग्रॅमवर न्या, तोही दोन वेळा विभागून. एकदम धान्य टाकलं तर पोटात आम्ल वाढून मेंढी बसते. १०० किलो खुराकात किलोच्या हिशेबाने मक्याचा भरडा ५०, शेंगदाणा पेंड २५, गव्हाचा कोंडा २२, खनिज मिश्रण २, मीठ १. खनिज मिश्रण मेंढ्यांसाठीचंच घ्या. गाईंच्या मिश्रणातलं तांबं मेंढीला बाधतं.

पेंड घेताना ढेप फोडून बघा. कुबट वास, आत हिरवट-काळी बुरशी असेल तर फुकटही नको, त्या बुरशीच्या विषाने यकृत बिघडतं. बुरशी आलेल्या मुरघासाने (हवाबंद मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याने) गाभ पडू शकतो. उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याची हिरवी पानं, आपल्याकडे स्वस्त, पण त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. मुख्य चारा म्हणून नको. त्यापेक्षा तुरीचं किंवा हरभऱ्याचं भुसकट द्या, जोडीला थोडा मेथीघास. कोवळी, पाण्याचा ताण बसलेली ज्वारी मात्र अजिबात नाही.

पोटात जुळी कोकरं असलेली मेंढी खाणं सोडून कळपामागे राहिली, तर संध्याकाळची वाट न बघता डॉक्टर बोलवा.