एफडी मोडू नका सर, दागिनेही गहाण ठेवू नका

कराडहून एका निवृत्त शिक्षकांचं पत्र आलंय. व्हॉट्सॲपवरच्या शेअर ग्रुपने दिलेल्या ॲपवर त्यांनी अडीच महिन्यांत 9 लाख टाकले. ॲपवर आता 31 लाख दिसतात. ते काढायचे तर आधी नफ्यावर 20 टक्के कर, म्हणजे 4.40 लाख भरा, असं ग्रुपमधल्या ‘मॅडम’ म्हणतात. सरांचा प्रश्न: एफडी मोडू की पत्नीच्या दागिन्यांवर कर्ज काढू, स्वस्त काय पडेल?

सर, दोन्ही नको. ते 31 लाख कुठेच नाहीत. असते तर त्यातूनच 4.40 कापून उरलेले 26.60 पाठवायला त्यांना कोण अडवतंय? अल्पकालीन नफ्यावर 20 टक्के हा दर खरा आहे, म्हणूनच तुम्हाला पटलं. पण तो कर आपण स्वतः प्राप्तिकर खात्याकडे भरतो, इथे राहणाऱ्या माणसाकडून ब्रोकर तो आगाऊ मागत नाही. आणि वर्षाला 12 टक्के धरले तरी 9 चे 31 व्हायला 11 वर्षं लागतात.

तुम्ही लिहिता, ‘फसवणुकीचे इशारे मीच सगळ्यांना फॉरवर्ड करतो.’ खरंय. इशारा म्हणतो ओटीपी देऊ नका, तुम्ही दिला नाही. तुम्ही बँकेत रांग लावून, स्लिप भरून, स्वतःच्या सहीने आरटीजीएस केलंत, म्हणून यातला एकही इशारा आपल्यासाठी आहे असं तुम्हाला वाटलंच नाही. सुरुवातीला 5 हजार काढून पाहिले, ते आले, आणि शंका संपली. ते 5 हजार त्यांनी त्यासाठीच दिले होते. काउंटरवरच्या मुलीने ‘पैसे कशासाठी?’ विचारलं, तेव्हा मॅडमनी पढवल्याप्रमाणे ‘मुलाच्या फ्लॅटसाठी’ म्हणालात. खऱ्या गुंतवणुकीसाठी बँकेशी खोटं बोलावं लागत नाही सर. ‘आयपीओसाठी’, म्हणजे कंपनी पहिल्यांदा विकत असलेल्या शेअर्ससाठी, म्हणून दर वेळी वेगळ्याच नावाच्या करंट अकाउंटला पैसे गेले. खऱ्या आयपीओत शेअर मिळेपर्यंत रक्कम आपल्याच खात्यात ब्लॉक राहते.

या सगळ्याची घाई कुठून आली, तेही तुमच्याच पत्रात आहे. निवृत्त माणसाला दरसाल 1 लाखाची, दहा वर्षं हप्ते भरायची विमा पॉलिसी ‘एफडीसारखीच’ म्हणून गळ्यात मारली. विकणाऱ्याचा मला संताप येतो. दोन हप्त्यांनंतर तुम्ही थांबलात आणि तो तोटा पटकन भरून काढायला निघालात. 2 लाखांच्या भरपाईपायी 9 लाख गेले, आणि आता त्या 9 लाखांसाठी 4.40 द्यायला तयार आहात. ते दिलेत की ‘प्रोसेसिंग फी’ मागतील.

हे वाचून झाल्याबरोबर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. शेवटचे अडीच लाख गेल्या शुक्रवारी गेलेत, त्यातलं काही पुढच्या खात्यांत गोठवता आलं तर आलं. जुन्या रकमांची मी फार आशा लावणार नाही. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा, प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर नंबर (बँक त्या व्यवहाराला देते तो ओळख क्रमांक) घेऊन शाखेत लेखी अर्ज द्या. ग्रुपमधलं काही डिलीट करू नका. ‘फी द्या, पैसे परत मिळवून देतो’ म्हणणारे फोन येतील, तेही चोरच. घरी वहिनींना आजच सांगा, दागिने त्यांचे आहेत.

एफडी आहे तिथे राहू द्या. तक्रार झाली की पॉलिसीचे कागद पाठवा, सोडायची की पेड-अप करायची (म्हणजे पुढचे हप्ते न भरता कमी रकमेवर चालू ठेवायची) ते बघू.