भंगारातलं यंत्र: विलायतेचं की अमेरिकेचं?

प्रश्न: काका, नमस्कार. मी निपाणीचा, मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. भंगारातून दहा तासांत यंत्र बनवायची स्पर्धा आम्ही यूट्यूबवर बघतो, ब्रिटनची ‘स्क्रॅपहीप चॅलेंज’ आणि अमेरिकेची ‘जंकयार्ड वॉर्स’. खरं इंजिनीअरिंग कुठल्यात, यावरून होस्टेलात रोज भांडण. आणि पाहिजे तेच इंजिन भंगारात नेमकं सापडतं कसं?

उत्तर: भांडण थांबवा आणि आधी एक बघा, तुम्ही अमेरिकन म्हणून बघताय ते भाग अमेरिकेतले आहेत काय? हा कार्यक्रम 1998 साली ब्रिटनच्या चॅनल 4 वर सुरू झाला. तेच ब्रिटिश भाग अमेरिकेत टीएलसी वाहिनीवर ‘जंकयार्ड वॉर्स’ नावानं दाखवले. पुढं अमेरिकन संघ आले, पण सुरुवातीला तेही लंडनच्याच भंगारात राबले. कॅलिफोर्नियात मैदान मांडलं ते नंतर. बनवणारी कंपनी एकच, आणि सूत्रसंचालन करणाऱ्या कॅथी रॉजर्स बाई दोन्हीकडं. गोकाकचा करदंट, ती तिथली नामी मिठाई, दोन खोक्यांतून खायचा आणि कुठला चांगला म्हणून हमरीतुमरीवर यायचं, तसलं झालंय तुमचं!

नियमही तेच. संघाला जोडीला एक जाणकार, दहा तास, मग चाचणी. फरक सांगण्यात आहे. मला ब्रिटिश आवडतं. तिथला सूत्रसंचालक रॉबर्ट लेवेलिन हा पेशानं नट, त्यामुळं आपल्याला पडतात तेच प्रश्न तो विचारतो, आणि यंत्र कसं चालणार ते चित्र काढून दाखवतात. अमेरिकन भागांत आवाज चढा, कोण जिंकणार याचीच घाई. टीव्ही बंद करून नुसतं ऐकलं तर कुस्तीचं मैदान वाटावं.

भंगाराचं म्हणशील तर उपयोगी माल आधीच टाकून ठेवलेला असायचा. त्यात फसवणूक वाटून घेऊ नकोस. माल सापडला म्हणजे काम झालं असं थोडंच आहे?

बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, 31 वर्षं मी लेथवर काढली. एकदा कडोलीच्या एका शेतकऱ्याला डिझेल इंजिन पंपाला जोडून पाहिजे होतं, सकाळच्या आत. भंगारवाल्याकडं ट्रकचा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे इंजिनाची फिरकी चाकांकडं नेणारा दांडा, मिळाला. त्याचा क्रॉस, म्हणजे टोकाचा वळता सांधा, चांगला होता. कापला, लांबीला बसवला. इथवर सगळं छान. मग घाई नडली. चार बाजूंनी टॅक, म्हणजे वेल्डिंगचे छोटे ठिपके, मारून, शाफ्ट किती वाकडा फिरतो ते सुईनं दाखवणारा डायल लावून बघायचं सोडलं आणि एका दमात गोल वेल्ड ओढला. थंड होताना वेल्ड आकसतो, शाफ्ट आपल्याकडं ओढून घेतो. डोळ्यांना सरळ दिसत होता. इंजिन चालू केल्यावर सगळा सांगाडा थरथरायला लागला. उजाडेपर्यंत पंपाचं बेअरिंग गेलं. शेतकऱ्यानं ठरलेल्यातले निम्मेच पैसे हातावर ठेवले. बरोबरच केलं की.

म्हणून पुढचा भाग बघशील तेव्हा शेवटचे दोन तास बघ, झेंडा कुणाचा का असेना. टॅक कोण मारतोय, आणि थेट वेल्ड कोण ओढतोय.

आणि कॉलेजच्या वर्कशॉपात दोन तुकडे जोडून बघ, एक टॅक मारून, एक माझ्यासारखा. लेथवर धर, डायल लाव. सुई किती फिरली ते दोन्हींचं लिहून पाठव.