भावाला न सांगता वरणातून गोळी देणं योग्य आहे का?

तुम्ही लिहिलंय, की बायपोलर (मन कधी अति चढतं, कधी अति खचतं असा आजार) असलेला तुमचा भाऊ 'मला काही झालेलं नाही' म्हणतो, म्हणून घरचे गोळी कुटून त्याच्या वरणात मिसळतात. हे थांबवा. पण गोळी एकदम बंद करू नका, आधी डॉक्टरांना भेटा.

मी परभणीचा. मलाही हाच आजार आहे, त्यावरचं लिथियम हे औषध चालू आहे. तुमच्याकडंही तेच असेल तर नीट वाचा. लिथियमची उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फार थोडं असतं, म्हणून रक्ततपासणी करत राहावी लागते. चोरून गोळी देता येते, चोरून रक्त कसं घेणार? मे महिन्यात आमच्याकडं पारा 42च्या वर जातो. रानात घाम गेला, पाणी कमी पडलं की रक्तातलं लिथियम वाढतं. कंबर दुखते म्हणून मेडिकलवरून डायक्लोफेनॅक घेतली तरी वाढतं. मग उलट्या, जुलाब, हात थरथरणं, तोल जाणं. मी असं काही झालं की लगेच दवाखाना गाठेन. तुमच्या भावाला गोळीच माहीत नाही. घरचे म्हणतील, ऊन लागलं. शिवाय काही गोळ्या हळूहळू विरघळाव्यात अशाच बनवलेल्या असतात, त्या कुटायच्या नसतात.

आणि उद्या तो म्हणाला, 'माझ्या जेवणात काहीतरी घालतात', तर त्याला भ्रम कसं म्हणणार?

घरच्यांची अडचण मला कळते. राज्यातली जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला; त्यांतलं मराठवाड्यात एकही नाही. पेशंट गाडीत बसत नाही, मग आई एकटीच जाऊन औषध आणते. पण 2017चा मानसिक आरोग्य कायदा सज्ञान माणसाला उपचाराचा निर्णय घ्यायला सक्षम धरूनच चालतो. त्याचा निर्णय आपल्याला चुकीचा वाटला, एवढ्यावरून तो अक्षम ठरत नाही. जिवाला धोका असेल तर तातडीच्या उपचाराची सोय त्याच कायद्यात आहे.

त्याच्याशी 'आजार' या विषयावर वाद घालू नका. झोप लागत नाही, पैसे उधळले जातात, याचा त्यालाही त्रास होत असेल, तिथून बोला. तो शांत असताना, पुन्हा बिघडलं तर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत आणि त्याच्या वतीनं कुणी ठरवायचं, हे त्याच्याकडून लिहून घ्या. कायदा हा आगाऊ निर्देश मानतो. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या मोफत नंबरवर मराठीत बोलता येतं. तो तयार नसेल तर आधी तुम्हीच फोन लावा.