संगीताच्या पदवीसाठी स्वरचाचणीला जाताना

अगं, राग कोणता गाऊ हे आत्ताच विचारलंस ते बरं झालं. यमन, भूप, बिहाग यांतला जो तुझ्या गळ्यात मुरलाय तोच घे. छाप पाडायची म्हणून नुकताच शिकलेला मारवा अजिबात नको. त्यात पंचम (प) नाही, रिषभ (रे) कोमल, शिवाय षड्जावर (सा) निवांत उभंही राहता येत नाही. घाबरलेल्या गळ्याला तो झेपत नाही.

वेळ थोडाच मिळतो. विलंबित (संथ) एकतालात स्थायी, म्हणजे बंदिशीचा पहिला भाग, मांडून मोजके आलाप, मग द्रुत (जलद) तीनताल, असं घरी घड्याळ लावून गाऊन बघ. मध्येच थांबवलं तर धसका घेऊ नकोस, परीक्षकांना हवं ते ऐकून झालेलं असतं. तुझी पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ सूर, काळी चार असेल तर तबलजींना आधीच सांग, ऐन वेळी वर चढवू नकोस.

हातावर तालही विचारू शकतात. तीनतालाचा ठेका दुगुनीत, म्हणजे दुप्पट वेगात, म्हणताना पहिल्या, पाचव्या, तेराव्या मात्रेला टाळी आणि नवव्या मात्रेला खाली (टाळी न वाजवायची जागा) चुकता कामा नये. छान गाणाऱ्या मुलीही इथेच अडखळतात, विशारद परीक्षा झालेल्यासुद्धा. रोज दहा मिनिटं याला दे.

मुंबई विद्यापीठ आणि एसएनडीटी, दोन्हींचे संगीत विभाग चर्चगेटला आहेत. पुण्यात विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे. तिन्हीकडच्या तारखा आणि अटी वेगवेगळ्या बघून घे. गुणपत्रिका, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांची प्रमाणपत्रं स्कॅन करून ठेव.

ठाण्याहून चर्चगेटला जाताना दादरला गाडी बदलावी लागते, तेव्हा लवकरची लोकल पकड. पोचल्यावर पाणी पी आणि मंद्र षड्ज (खालचा सा) लावत बस.