विणकामाच्या शंका: कॉटनचा स्वेटर लोंबतोय, काय करू?

प्रश्न: ताई, लोकर टोचते म्हणून मी लोकरीच्या पॅटर्नवर कॉटन यार्न घेऊन पूर्ण बाह्यांचा स्वेटर केला. जाडी सेम होती, सॅम्पलचे (आधी विणून बघितलेल्या छोट्या तुकड्याचे) टाकेपण बरोबर जुळले होते. पण थोडे दिवस घातल्यावर तो खाली खाली यायला लागलाय आणि मनगटाची रिब (उलट-सुलट टाक्यांची ताणणारी पट्टी) तर पार ढिली पडलीय. माझा हात सैल आहे का?

उत्तर: हाताचा काही दोष नाहीये, यार्नचा स्वभावच तसा आहे. लोकरीच्या तंतूला मुळातच बारीक बारीक लाटा असतात, त्यामुळे ती ताणली तरी परत जागेवर येते, रिब मनगटाला धरून राहते ती त्याच्याच जोरावर. कॉटनला तशी स्प्रिंग नसते, ताणलं की ताणलेलंच राहतं. त्यात तेवढ्याच जाडीचं कॉटन लोकरीपेक्षा जड असतं, म्हणजे स्वेटर स्वतःच्याच वजनाने खांद्यापासून खाली ओढला जातो, आणि धुऊन दोरीवर वाळत घातलात तर विचारूच नका.

आता करायचं काय, तर धुऊन पाणी नीट निथळू द्या, हाताने मापात आणा आणि टॉवेलवर आडवा पसरून वाळवा, बराचसा परत येईल. ड्रायर असेल तर त्यात अजून आवळतो, पण आधी लेबल बघा. मनगटं मात्र उसवा आणि आधीपेक्षा बारीक सुयांवर, थोडे टाके कमी करून परत विणा, सोबत बारीक इलॅस्टिकचा धागा घेतला तर उत्तम. पुढच्या वेळी कॉटनमध्ये थोडी लोकर किंवा अ‍ॅक्रिलिक मिक्स असलेलं यार्न बघा, आणि गोल विणण्याऐवजी तुकडे विणून शिवा, खांद्याची शिवण खूप वजन पेलते. आणि सॅम्पल! ते चांगलं हातभर मोठं करा, धुवा, खालच्या कडेला वजन म्हणून चारपाच चिमटे लावून लटकवून वाळवा आणि मग मोजा. सुईवरून उतरवल्या उतरवल्या मोजलेलं सॅम्पल कॉटनच्या बाबतीत सरळ खोटं बोलतं.

बाकी टोचण्याचं म्हणाल तर सगळी लोकर टोचत नाही. साधारण ३० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड तंतूंची टोकं त्वचेला टोचतात, मेरिनो जातीच्या मेंढीची लोकर सहसा २४ च्या आतच असते. सॅम्पल गळ्याशी कपड्याच्या आत ठेवून तासभर घरात वावरा, काय ते लगेच कळेल. फक्त मऊ लागतंय म्हणून अल्पाका किंवा बांबूकडे वळू नका, अंगावर लोंबण्यात दोघंही कॉटनच्या पंगतीतलेच आहेत.

प्रश्न: बहिणीच्या बाळासाठी स्वेटर करायचाय. ती सगळं मशीनमध्येच टाकणार हे नक्की. मेरिनो की अ‍ॅक्रिलिक?

उत्तर: बाळाचे कपडे कोणीही हाताने कुरवाळत धूत बसत नाही, तेव्हा साधी मेरिनो बादच. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात, गरम पाणी आणि घासणं एकत्र आलं की ते एकमेकांत अडकतात आणि स्वेटरचा बाहुलीच्या मापाचा नमदा होतो. लेबलवर सुपरवॉश लिहिलेली मेरिनो घ्या, तिच्यात या खवल्यांवर प्रक्रिया केलेली असते. ती ओली झाली की मोठी दिसते, घाबरू नका, पण सॅम्पल धुऊनच मोजा. अ‍ॅक्रिलिकही चालेल, धुवायला एकदम सोपं, फक्त ते घाम शोषत नाही, आणि त्यावर गरम इस्त्री फिरवली की वीण कायमची मरते, हे बहिणीला बजावून सांगा. मोहेर (अंगोरा शेळीची केसाळ लोकर) नको, त्याचे केस बाळाच्या तोंडात जातात.

प्रश्न: घरात लेबल नसलेले गुंडे पडलेत. लोकर आहे की अ‍ॅक्रिलिक, कसं ओळखू?

उत्तर: जाळून. छोटा तुकडा चिमट्यात धरा, खाली सिंक, जवळ पाणी, आणि खिडकी उघडी. लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो, ज्योत बाजूला केली की ती सहसा विझते आणि राख बोटाने चुरगळते. अ‍ॅक्रिलिक वितळत जळतं आणि मागे कडक काळा मणी राहतो, गरम असताना हात लावू नका. कॉटन कागदासारखं जळतं. मिक्स असेल तर मात्र गोंधळ होतो. आणि जे वितळतंय त्याची गरम भांडी धरायची फडकी विणू नका प्लीज.

प्रश्न: शुद्ध मेरिनोचे मोजे केले, टाचेला लगेच भोक पडलं. यार्न खराब होतं का?

उत्तर: खराब नव्हतं, फक्त त्या कामाचं नव्हतं. मोज्यांना २० ते २५ टक्के नायलॉन असलेलं, घट्ट पीळ दिलेलं यार्न हवं, एकाच पदराचं मऊसूत नको, आणि सुयाही बारीक म्हणजे वीण दाट येते. मोजे फेकू नका, तशाच यार्नने टाच रफू करा आणि दुसऱ्या मोज्याची टाच फाटायच्या आधीच भरून टाका.