प्रश्न इंटरनेटचा, दुखणे पॉलिसीचे

प्रश्न : वय ३४. नैरोबीत किलिमानी भागात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. नोकरीचा करार अजून १८ महिने आहे. पत्नी पुण्यातल्या कंपनीचे काम घरून करते. १५ एमबीपीएसची फायबर लाइन आहे, पण आठवड्यातून दोनतीनदा मीटिंग चालू असतानाच नेट जाते. म्हणून ८० एमबीपीएसचा प्लॅन, शिवाय स्टारलिंक (उपग्रहावरचे इंटरनेट) आणि इन्व्हर्टर-बॅटरी घ्यावी म्हणतो. सुरुवातीचा खर्च सव्वा लाख शिलिंग. त्यासाठी पुण्याच्या बचत खात्यातून पैसे काढू का? तिथे तीन लाख रुपये आहेत, बाकी शिल्लक नाही. नुकताच बँकेतून वर्षाला दोन लाखांचा गॅरंटीड प्लॅनही घेतलाय : १० वर्षे भरायचे, २० वर्षांनी ४० लाख, कव्हर २० लाखांचे. ई-पॉलिसी मेलवर येऊन १९ दिवस झाले. फॉर्मवर पुण्याचाच पत्ता राहू द्या, असे मॅनेजर म्हणाले.

उत्तर : इंटरनेटचे सांगतो, पण आधी शेवटची तीन वाक्ये. ती तुम्ही जाता जाता लिहिलीत आणि महाग तीच आहेत.

पॉलिसी मिळाल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. याला फ्री-लूक म्हणतात. दिवस ई-पॉलिसीच्या मेलपासून मोजा. छापील बाँड पुण्याच्या घरी कधी पोचला, याची वाट पाहू नका. म्हणजे ११ दिवस उरले. विमा कंपनीला (बँकेला नव्हे) नोंदणीकृत मेलवरून लिहा : पॉलिसी क्रमांक, 'फ्री-लूक कालावधीत पॉलिसी रद्द करावी', कारण आणि रद्द केलेला चेक. तक्रार क्रमांक मिळेपर्यंत सोडू नका. मॅनेजरचा फोन येईल, 'सर, एक वर्ष तरी चालू ठेवा' म्हणतील. त्यांचे टार्गेट वर्षाचे आहे, तुमचे पैसे दहा वर्षांचे. झालेल्या दिवसांचे जोखीम शुल्क, मुद्रांक शुल्क आणि तपासणी झाली असल्यास तिचा खर्च वजा होऊन बाकी रक्कम परत येते.

आता 'दुप्पट' म्हणजे किती ते पाहा. २० लाख भरून ४० लाख मिळतात, पण त्याला २० वर्षे लागतात. परतावा पडतो वर्षाला साडेचार टक्के. याच हप्त्यांवर वर्षाला सहा टक्के परतावा मिळाला तर रक्कम ५० लाखांच्या आसपास जाते. सहा टक्के २० वर्षे टिकतीलच असे नाही, पण साडेचारला वीस वर्षे स्वतःला बांधून घेण्यात काय शहाणपण? विमा हवा असेल तर एक कोटीची टर्म पॉलिसी (फक्त मृत्यू झाल्यासच पैसे देणारी) घ्या. तुमच्या वयाला, तंबाखू नसेल तर, वर्षाला पंधरा हजारांच्या आसपास बसेल. तिच्या फॉर्मवर नैरोबीचा पत्ता आणि नोकरी स्पष्ट लिहा. पहिली तीन वर्षे चुकीच्या माहितीवरून कंपनी पॉलिसीवर बोट ठेवू शकते, आणि मॅनेजरने सुचवलेला पत्ता ही चुकीचीच माहिती आहे.

तेच बचत खात्याचे. नोकरीसाठी देश सोडला की फेमा या परकीय चलन कायद्याप्रमाणे तुम्ही अनिवासी. रेसिडेंट खाते तसेच ठेवता येत नाही. बँकेला पासपोर्ट, वर्क परमिट आणि इथला पत्ता देऊन ते एनआरओ (अनिवासींचे भारतातल्या पैशांसाठीचे खाते) करून घ्या, पगारासाठी वेगळे एनआरई (परदेशातल्या कमाईसाठीचे खाते) उघडा. एनआरईच्या व्याजावर भारतात कर नाही. एनआरओच्या व्याजावर ३० टक्के टीडीएस आणि वर उपकर. म्हणून पगार एनआरईतच पाठवा.

आता नेट. मीटिंगसाठी तीन-चार एमबीपीएस पुरतात; १५ भरपूर झाले. अडचण वेगाची नाही, लाइन पडण्याची आहे. वेग वाढवून पडणारी लाइन उभी राहत नाही.

नेट गेले की आधी ओएनटीचे, म्हणजे फायबर जोडलेल्या घरातल्या यंत्राचे, दिवे पाहा. लाल एलओएस (सिग्नल नसल्याचा दिवा) लागला असेल तर फायबर तुटली आहे, बहुधा रस्त्याच्या खोदकामात. घरातली बॅटरी तिथे निरुपयोगी. एलओएस बंद, पीओएन (लाइन जोडलेली असल्याचा दिवा) हिरवा आणि तरी नेट नाही, तर बिघाड पुढे कंपनीच्या जाळ्यात आहे. वीजच गेली असेल तर १२ व्होल्टचा मिनी यूपीएस लावा. तीन-चार हजार शिलिंगला मिळतो. खोक्यावर ८,८०० एमएएच लिहिलेले असते, पण ते ३.७ व्होल्टवरचे, म्हणजे ३२ वॉट-तास. घट धरून २७. ओएनटी आणि राउटर मिळून १३ वॉट खात असतील तर दोन तास. पिन (५.५ × २.१ की २.५ मिमी) आणि राउटर ९ की १२ व्होल्टचा, हे तपासूनच घ्या, ९ व्होल्टच्या राउटरला १२ दिले तर तो जळू शकतो.

एक गोष्ट केअरटेकरला विचारा : इमारतीतला कंपनीचा डबा विजेवर चालतो का, आणि कोणत्या मीटरवर? तो सामाईक टोकन (प्रीपेड) मीटरवर असेल तर टोकन संपले की तुमचा यूपीएस चालू आणि नेट बंद.

दुसरी लाइन पहिलीपेक्षा वेगळ्या कंपनीची असावी. फायबर सफारीकॉमची असेल तर बॅकअपला एअरटेलचे सिम, हॉटस्पॉट किंवा फोर-जी राउटर. महिन्याला हजार शिलिंगचा डेटा धरा. १२ मे २०२४ ला ईस्सी आणि सीकॉम या दोन समुद्री केबल एकाच वेळी तुटल्या, तेव्हा कंपनी बदलूनही बऱ्याच लोकांची सुटका झाली नाही. पण असे दिवस रोजचे नाहीत.

स्टारलिंकला मोकळे आकाश लागते. बाल्कनीतून निम्मे आकाश इमारतच झाकते. गच्चीवर लावायची तर घरमालकाची लेखी परवानगी घ्या. नेहमीची डिश ७५ ते १०० वॉट खाते, म्हणून इन्व्हर्टर घ्यावा लागतो. दोन्ही खर्च एकमेकांना ओढून आणतात.

तुमच्या योजनेत महिन्याला सुमारे १२,८०० शिलिंग जातील. सध्याची लाइन आणि डेटा मिळून ४,०००. फरक ८,८००, १८ महिन्यांत दीड लाखाच्या वर. त्यात सव्वा लाख मिळवा आणि यूपीएसचे पाचेक हजार वजा करा, तर पावणेतीन लाख शिलिंग, म्हणजे पावणेदोन-दोन लाख रुपये. हा खर्च टाळा आणि खात्यातले तीन लाख हलवू नका. तुमचे वर्क परमिट या मालकाशी बांधलेले असेल तर नोकरी गेल्यावर देशही सुटेल. सहा महिन्यांचा खर्च आणि परतीची तिकिटे हाताशी हवीत. पॉलिसीचे परतलेले दोन लाख त्यातच टाका. उरलेला खड्डा पगारातून भरा आणि ती भर एनआरई मुदत ठेवीत ठेवा, पण वर्षापेक्षा आधी मोडू नका : एनआरई ठेवीवर एक वर्ष पुरे होण्याआधी व्याज मिळत नाही.